लाकडांना आंघोळ

किटलीतलं उरलंसुरलं पाणी ग्लाफिराने शेवटच्या ओंडक्यावर ओतलं, आणि तेवढ्यात भट्टीच्या खोलीचं दार करकरलं.

"आपा," दारातून कासिमबेक म्हणाला, "लाकडांना आंघोळ घालताय?"

कासिमबेक ताशबुलाक गावातल्या चर्चचा राखणदार. स्वतः पाच वेळा नमाज पढणारा, पण गेली वीस वर्षं इथलं कुलूप, इथला बर्फ आणि घुमटावरचे कावळे तोच सांभाळत होता. कोणत्या दिवशी काय असतं हे निम्म्या भाविकांपेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं.

"धूळ बसली होती," ग्लाफिरा म्हणाली.

"लाकडांवर?"

"मग काय तुझ्यावर? जा, पायऱ्यांवरचा बर्फ काढ."

"दोनदा काढला. आपा, ओलं लाकूड पेटत नाही."

"चुली पेटवण्यात जन्म गेला माझा. मला शिकवतोस?"

"छे. मी आपलं सांगितलं," असं म्हणून तो गेला, आणि दाराबाहेर बराच वेळ खोकला. तो खोकला होता की हसू, हे ग्लाफिराने तपासलं नाही.

तिला एवढंच हवं होतं की भट्टी विझावी. अगदी विझली नाही तरी धुमसावी, चर्चमध्ये गारठा पडावा, आणि "मी बघून येते" म्हणत तिला बाहेर सटकता यावं. कारण आज क्षमेचा रविवार होता. उद्यापासून ईस्टरआधीचा मोठा उपास. आज दुपारपर्यंत लोण्यात न्हालेली धिरडी खाऊन घ्यायची, आणि चारच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायची. त्याची रीत मोठी पक्की. पहिला माणूस फादरपुढे वाकतो आणि त्यांच्या शेजारी उभा राहतो. दुसरा आधी फादरपुढे, मग पहिल्यापुढे वाकतो. रांग अशी स्वतःवरच उलटत जाते आणि गावातला एकही माणूस एकाही माणसाला चुकवू शकत नाही. ज्याने ही रीत घातली त्याला गावं कशी असतात हे नीट माहीत असणार.

ग्लाफिराला फक्त एका बाईला चुकवायचं होतं. अकरा वर्षं तिने चुकवलं होतं. दर वर्षी रांग हलायला लागली की तिला भट्टीची काळजी वाटायची. ती मागच्या खोलीत यायची तर भट्टी काठोकाठ भरलेली, आग कशी ठणठणीत. करण्यासारखं काडीचंही काम नाही. मग ती स्टुलावर बसून अर्धा तास आगीकडे बघत राहायची आणि सगळे कोट घालायला लागले की आत जायची.

पण यंदा नवे फादर आले होते. फादर तीखोन, वय एकतीस, दाढी अजून गालांवर नीट पसरायची होती. गेल्या रविवारी त्यांनी जाहीर केलं, "विधी संपेपर्यंत कोणीही बाहेर जायचं नाही. भट्टी कासिमबेक बघेल." हे सांगताना त्यांनी ग्लाफिराकडे बघितलं नाही, आणि इतकं ठरवून बघितलं नाही की सगळ्यांनी बघितलं.

म्हणून ही किटली.

ती बाई म्हणजे झिनाईदा, ग्लाफिराच्या कुंपणापलीकडे राहणारी. एके काळी दोघी ग्लाशा आणि झीना होत्या. चर्चच्या वेदीवरची भाकर ग्लाफिरा भाजत असे, गेली तीस वर्षं. कणीक मळायची, वर क्रुसाचा ठसा उठवायचा, प्रार्थना म्हणत घरच्या भट्टीत सारायची. अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी म्हाताऱ्या फादर नाझारींची दाढ तुटली, आणि चहाच्या टेबलावर, चाळीस माणसांसमोर, झिनाईदा म्हणाली होती, "तुटेल नाही तर काय! यंदा कुंपणाचा पाया घालायचाय ना, त्याला ग्लाशाची भाकर घ्या. शंभर वर्षं हलणार नाही."

चाळीस माणसं हसली. फादरसुद्धा हसले, गालाला रुमाल लावून.

ग्लाफिराच्या अंगाचा तिळपापड झाला. चर्चमध्ये दाराशी दोन प्रकारच्या चिठ्ठ्या असत. लाल अक्षरांची जिवंतांसाठी, काळ्या अक्षरांची मृतांसाठी. त्यावर नावं लिहून द्यायची, वेदीपुढे ती वाचली जायची. पुढच्या रविवारी ग्लाफिराने काळी चिठ्ठी ओढली, तीवर एकच नाव लिहिलं, झिनाईदा, आणि ती इतर चिठ्ठ्यांच्या मधोमध खुपसली. मग घरी जाऊन निवांत जेवली.

तिसऱ्या आठवड्यात झिनाईदा बर्फावर पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं.

तेव्हापासून ती काठी घेऊन चालत असे. चर्चच्या लाकडी जमिनीवर काठी टक टक वाजायची, आणि प्रत्येक टक ग्लाफिराच्या छातीत उमटायची. पापनिवेदनाला ती जाई. राग, मत्सर, उपासात चाखलेली साय, सगळं सांगे. ते एक गिळून टाकी. आणि गिळलं की प्रभुभोजनाला जायची छाती होत नसे. अकरा वर्षं तिने भाकर भाजली आणि अकरा वर्षं त्या भाकरीचा कणही तोंडात घातला नाही. प्रभुभोजन उपाशीपोटी घ्यायचं असतं, म्हणून दर रविवारी तिने "गोळीबरोबर बिस्कीट खाल्लं हो" असं सांगितलं. इतकी बिस्किटं खाल्ली असती तर ती दारातून आत मावली नसती.

आता पित्ताशयात अक्रोडाएवढा खडा निघाला होता. शुक्रवारी बिश्केकला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, चौऱ्याहत्तराव्या वर्षी भूल देणं म्हणजे थोडी जोखीम असतेच. ग्लाफिराला सुरीची भीती नव्हती. भुलीतून जाग वरतीच आली, तर तिथे काय तोंड दाखवायचं, याची होती. क्षमा मागायला हवी हे तिला कळत होतं. आणि तरीही ती किटली भरून आली होती.

चार वाजता प्रार्थना सुरू झाली. पाऊण तासात गारठा पडला. बायकांनी शाली ओढल्या, कोणीतरी शिंकलं. ग्लाफिरा मनातून सुखावली. झिनाईदा उभी राहायची त्या बाजूला ती नेहमीप्रमाणे बघत नव्हती. त्या बाजूला बघायचं नाही हा तिचा अकरा वर्षांचा नियम होता. फादर तीखोन लोकांकडे वळले, आणि गुडघे टेकून म्हणाले, "मी पापी आहे. मला क्षमा करा." त्यांच्या तोंडातून वाफ निघाली.

"भट्टी धुमसतेय वाटतं," ग्लाफिरा कुजबुजली. "मी बघून येते."

आणि फादर काही बोलायच्या आत ती बाहेर पडलीसुद्धा.

तिने भट्टीच्या खोलीचं दार ढकललं. धूर नव्हता. आग नुकतीच धडधडायला लागली होती. भट्टीसमोर गुडघ्यांवर झिनाईदा बसली होती. काठी भिंतीला टेकवलेली, शेजारी बर्फावर ओढायची छोटी गाडी, आणि तीत तिच्या घरची जर्दाळूची कोरडी लाकडं.

"दार लावा, ग्लाफिरा तिमोफेयेव्ना," मागे न बघता, परक्यासारखं वडिलांच्या नावासकट हाक मारत ती म्हणाली. "ऊब जाते."

ग्लाफिराने दार लावलं. पळून जायचं होतं तर आधी लावायला नको होतं, हे तिला नंतर सुचलं.

"तुम्ही इथे काय करताय, झिनाईदा लुकिनिच्ना?"

"दर वर्षी करते तेच. भट्टी भरतेय. यंदा लाकडं ओली निघाली. छप्पर गळलं म्हणावं, तर बाहेर उणे बारा." तिने कोपऱ्यातल्या किटलीकडे बघितलं. "घरी जाऊन आणावी लागली. म्हणून उशीर."

"दर वर्षी तुम्ही भरता?"

"मग कोण भरणार? देवदूत?"

ग्लाफिराला तसं वाटलं नव्हतं असं नाही. कधी कासिमबेक वाटायचा, कधी देवदूत.

"भट्टी भरलेली दिसली की तुला बाहेर काम उरणार नाही, परत आत येशील, असा माझा हिशेब," झिनाईदा म्हणाली. रागाच्या भरात अकरा वर्षांचं 'तुम्ही' गळून पडलं होतं. "पण तू कसली येतेस! अगं, अकरा वर्षं इथे बसून बघत काय होतीस?"

"आग."

"आगीत काय बघायचंय?"

"नरक कसा असेल ते," ग्लाफिरा म्हणाली, आणि स्टुलावर बसून ढसाढसा रडायला लागली. रडता रडता तिने सगळं सांगितलं. काळी चिठ्ठी, नाव, निवांत जेवण, खुबा. सांगून झाल्यावर पदर शोधावा तशी ती शालीचं टोक शोधत राहिली.

झिनाईदाने आणखी एक लाकूड आत सारलं.

"मला माहीत आहे."

"काय?"

"चिठ्ठी. नाझारी फादरचे डोळे तेव्हाच गेले होते. पडद्याआड उभी राहून नावं मीच वाचायचे त्यांना. कोणाला सांगू नको म्हणाले होते. तू समजत होतीस, नाव नुसतं लिहिलं की कळणार नाही कोणाचं काम. अगं बाई, चिठ्ठीवर पिठाचा अंगठा होता. एवढा मोठा! गावात आणखी कोण पिठाच्या हाताने लिहितं?"

ग्लाफिराने नकळत आपल्या अंगठ्याकडे बघितलं.

"आणि पडले ते तुझ्यामुळे नाही," झिनाईदाचा आवाज जरा खाली आला. "बादली उपडी घालून तिच्यावर चढले होते. तुझ्या कुंपणावरून बघायला."

"काय बघायला?"

"तू भाकर कशी करतेस ते. दोष काढला होता ना, मग चांगली कशी करायची ते मला यायला नको? बादली घसरली. आणि फादरची दाढ तुझ्या भाकरीने नाही तुटली. माझ्या जर्दाळूच्या पाईत बी राहिली होती. सगळे माझ्याकडे बघणार, एवढ्यात मी तुझं नाव घेतलं."

एरवी हे ऐकून ग्लाफिराने छप्पर डोक्यावर घेतलं असतं. आता तिला फक्त एवढंच विचारावंसं वाटलं, "मग मला अकरा वर्षं बोलली का नाहीस?"

"मी रांगेत उभी राहायचे. तू पळायचीस. काठी टेकत तुझ्यामागे धावू? माजही होता, खोटं कशाला बोलू."

"तू मला क्षमा करशील झीना, मला माहीत आहे. पण तो?" ग्लाफिराने वर बोट केलं. "त्याच्या वेदीपुढे मी तुझं मरण मागितलं."

"त्याच्याकडेच मागितलंस ना? मग दिलं का त्याने? मी शहात्तरची आहे, दोन्ही वेळ जेवते, आज सकाळी नऊ धिरडी खाल्ली. तुझा अर्ज त्याने त्याच दिवशी फेटाळला, ग्लाशे. तूच अकरा वर्षं दाराबाहेर निकालाची वाट बघत बसलीस."

मग तिने कोटाच्या आतून प्रार्थनेचं पुस्तक काढलं, आणि त्यातून एक चिठ्ठी. घड्यांवर विरलेली, चिकटपट्टीने जोडलेली. वरचं काळं 'मृतांसाठी' खोडून तिथे लाल पेनने 'जिवंतांसाठी' लिहिलेलं होतं. खाली ग्लाफिराच्या अक्षरात झिनाईदा. त्याच्या खाली, झिनाईदाच्या अक्षरात, ग्लाफिरा. कोपऱ्यात अंगठ्याचा पांढुरका डाग अजून ओळखू येत होता.

"दर रविवारी वाचते. पहिल्या रविवारी दात-ओठ खाऊन वाचली. नंतर सवय झाली."

ग्लाफिराने चिठ्ठी हातात धरली. तिला खूप मोठा हुंदका आला आणि त्याबरोबर, का कोण जाणे, हसूही. ती उठली, झिनाईदासमोर उभी राहिली आणि रीतीप्रमाणे कमरेतून वाकली.

"मला क्षमा कर, झीना."

"देव क्षमा करतो, मीही करते," असं म्हणून झिनाईदाही गुडघ्यांवरच वाकली. "मला क्षमा कर, ग्लाशा."

"देव क्षमा करतो, मीही—आई गं!"

खड्याने कळ मारली आणि ग्लाफिरा वाकलेली तशीच अडकली. तिला धरायला झिनाईदा उठू लागली, तर खुबा अडकला. दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून, ना वर ना खाली, भट्टीसमोर हलत राहिल्या. कासिमबेकने दार उघडलं तेव्हा त्याला वाटलं, मारामारी चाललीय.

"फादर विचारतायत," तो सावधपणे म्हणाला. "दोन माणसं कमी आहेत. रांग थांबलीय."

"आम्हाला आधी सरळ कर," झिनाईदा म्हणाली, "मग फादरचं बघू."

त्याने आधी एकीला सरळ केलं, मग दुसरीला. ग्लाफिराने त्याचीही क्षमा मागून घेतली.

"कशाबद्दल, आपा?"

"धुळीबद्दल."

बुधवारी सकाळी, उपासाच्या पहिल्या प्रभुभोजनाच्या आधी, ग्लाफिराने फादर तीखोनला ते गिळलेलं सगळं सांगितलं. फादरने तिच्या डोक्यावर हात ठेवला. किटलीचा भाग आला तेव्हा तो हात थोडा हलला. मग ती हात छातीवर घेऊन रांगेत उभी राहिली. आज बिस्कीट नव्हतं. पात्रापुढे पोचल्यावर तिने रीतीप्रमाणे आपलं नाव इतक्या हळू सांगितलं की फादरला पुन्हा विचारावं लागलं.

प्रभुभोजनानंतर बाजूच्या टेबलावर कोमट पाणी घातलेला द्राक्षारस आणि भाकरीचे तुकडे असतात. तिथे झिनाईदा उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्यात गच्च भरलेली पिशवी.

"ही कोणाची?"

"माझी. बारा वाजता बिश्केकची बस आहे ना? तुझा मुलगा तिकडे लांब कालुगाहून निघून पोचेपर्यंत ऑपरेशन होऊन तू काढलेला खडा दाखवत गावभर फिरशील. तोवर उशाशी कोणी नको?"

ग्लाफिराने भाकरीचा तुकडा उचलून तोंडात घातला. तिच्या हातची भाकर, रविवारी भाजलेली. ती हळूहळू चावत राहिली. तुकडा आधी डाव्या दाढेखाली घेतला, मग उजव्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिने पुसलं नाही.

"झीना," ती म्हणाली, "जरा कडकच आहे गं."

झिनाईदाने काठी आणि पिशवी यांची अदलाबदल केली.

"चल," ती म्हणाली, "बस सुटेल."