चौदा नंबरचा पांढरा

डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दुसऱ्यांदा मोडून हा माणूस गच्चीवर बसला होता, दिव्याच्या खांबाचा फोटो काढत. खांब काय पळून जाणार होता? गुडघे धरत धरत मी तीन जिने चढले, ते भांडायची पूर्ण तयारी करूनच.

"अहो, खाली या. सूनबाई दवाखान्यात फोन लावतेय. तिसरी तारीख मागायची लाज वाटतेय बिचारीला."

"हळू बोल. दिवा लागतोय."

"दिव्याला ऐकू येतं वाटतं?"

ते हसले. भांडणात हसणारा माणूस मला मुळीच आवडत नाही, आणि पंचेचाळीस वर्षं मी तसल्याच माणसाबरोबर काढली आहेत.

आमचे हे कापडाच्या कारखान्यात रंगाईखात्यात होते. काम रंग जुळवायचं. गिऱ्हाइकानं बोटभर चिंधी पाठवायची आणि यांनी हजार वार कापड बरोब्बर त्या रंगाचं उतरवून द्यायचं. उत्तरेच्या खिडकीशी कापड धरून उभे राहायचे आणि "पिवळा जरा चढलाय" एवढंच म्हणायचे, की साहेबलोक मुकाट्यानं रंगाचा अख्खा हौद ओतून द्यायला लावायचे. मी चार बुकं शिकलेली बाई. पण गल्लीतून मान वर करून चालले, ती या डोळ्यांच्या जोरावर.

त्यातला उजवा दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं नेला. डाव्यात मोतीबिंदू झाला. मागच्या महिन्यात एका जुन्या दोस्ताकडे निघाले, तर एका पायात काळा मोजा, एका पायात निळा. सुनेनं हळूच सांगितलं. यांनी दोन्ही मोजे काढले, घडी करून ठेवले आणि गेलेच नाहीत.

कॅमेरा सापडला कपाट आवरताना. मुलाचा जुना, साबणाच्या डबीएवढा, रुपेरी, एका कोपऱ्याला पोचा आलेला. दोन सेल घातले की घरघर करत त्याची नळी बाहेर येते. मुलगा म्हणाला, "बाबा, फेका तो. चांगला फोन देतो तुम्हाला." यांनी फेकला नाही. त्या डबड्याची गंमत अशी, की बटण दाबलं की ते आधी विचार करतं, मग फोटो काढतं. तोवर चिमणी उडालेली असते. त्यामुळे यांच्याकडे चिमणी एकही नाही, नुकत्याच हललेल्या फांद्या मात्र ढीगभर आहेत. कोणीतरी आत निघून गेल्यावर हलणारा पडदा आहे. मांजर उठून गेल्यावर उशीवर राहिलेली खळी आहे. तासन्तास ते पाहत बसतात आणि इकडे नळाला आलेलं पाणी निघून जातं.

खरं लिहायचं तर दुसरी तारीख त्यांनी एकट्यांनी मोडली नाही. "खोकला झालाय म्हणून सांग," म्हणाले, आणि एरवी त्यांच्या प्रत्येक शब्दाला उलटं बोलणारी मी, लगेच फोन करून सांगून मोकळी झाले. वर पुन्हा त्यांच्याच नावानं ओरडत फिरत होते.

"ये, बस," ते म्हणाले. "हे बघ."

पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर मी टेकले. कॅमेऱ्याची ती दोन बोटांएवढी काच त्यांनी माझ्या डोळ्यांपुढे धरली. खांबावरचा दिवा होता, पण तो दिवा वाटत नव्हता. त्याच्याभोवती मधाचं कडं होतं आणि कड्यातून बारीक बारीक पिसं फुटलेली. आकाश जुन्या कागदासारखं. समोरच्या गच्चीवरच्या चादरी सायीच्या, आणि त्यांच्या कडा कुठे संपतात ते कळत नव्हतं. सगळं जग कोणीतरी कोमट पाण्यात भिजत घातलं होतं.

"काच पुसा की त्याची."

"स्वच्छ आहे काच. मला असंच दिसतं." ते सांगू लागले, कारखान्यात नव्या माणसाला सांगावं तसं. "पांढरं आता मला चौदा नंबरचं दिसतं. आमच्या खात्यात जुन्या हस्तिदंताचा नंबर. म्हणून हे चाक ढगाच्या खुणेवर ठेवायचं, पिवळं चढतं. मग नळीच्या काचेवर हलकीच वाफ सोडायची तोंडानं. माझ्या डोळ्याचा भरवसा नाही, म्हणून सुनेला विचारून विचारून रंग जुळवला. चादर हस्तिदंती दिसते म्हणाली, तेव्हा सोडलं तिला."

मी पुन्हा त्या काचेत पाहिलं. दोन वर्षं मला वाटत होतं, माणूस अंधारात चाचपडतोय. हा तर मधात बसला होता.

त्यांनी बटण दाबत मागचे फोटो दाखवले. जिना आला, त्याच्या पायऱ्या लोण्याच्या. अर्धा भरलेला पेला आला. मग खिडकीशी उभी एक बाई आली. हात वर उचललेला, चेहरा गुळगुळीत, केसांच्या कडेला उजेड पाझरलेला. क्षणभर मला माझी धाकटी बहीण वाटली, तीही ऐन विशीतली.

"ही कोण?"

"तू. परवा. माझ्यावर ओरडत होतीस."

मी कॅमेरा डोळ्यांजवळ ओढून पुन्हा पाहिलं.

तेवढ्यात सून वर आली, धापा टाकत. "आई, सोमवार मिळालाय. पण डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू कडक होत चाललाय. आणखी उशीर केला तर मग त्यांनाही हात लावायची भीती वाटेल. एकच डोळा आहे बाबांचा." मग आमच्याकडे बघून तिचा सूर बदलला. "थांबा हं, किती छान बसलायत दोघं!" आणि तिनं फोन काढून फोटो घेतला. दाखवलाही.

त्यात माझ्या हनुवटीवरचा केस होता. डोळ्यांखालच्या पिशव्या होत्या. ओठांभोवती चुण्या अशा, की पिशवीचं तोंड नाडीनं आवळलंय.

"फोन आहे का भिंग, मेला!" मी म्हणाले. सून हसत हसत खाली गेली.

"नको गं सोमवार," हे म्हणाले. हसणं गेलं होतं. "एकच उरलाय. बिघडला तर काळं. आणि सुधारला तर म्हणे सगळं लख्ख. लख्ख मी कारखान्यात पोटभर पाहिलंय. हे बरं आहे. राहू दे."

इथे माझी जीभ चालायला हवी होती. दोन वर्षांत या माणसानं माझा चेहरा धड पाहिलेला नव्हता, आणि मला ते बरं वाटत होतं. दवाखान्यात फोन करताना माझा हात इतका हलका का चालला, ते त्या कट्ट्यावर मला कळलं. "राहू दे" हे शब्द माझ्याही ओठांवर आले होते.

वारा सुटला. मी शाल आवळून घेतली.

"छान आहे," ते शालीकडे बघत म्हणाले. "करडी. सुनेची का?"

"अहो, निळी आहे ही."

ते शालीवर वाकले.

"तुमची आहे. शेवटच्या हौदातली. नोकरी संपली त्या दिवशी घेऊन आलात. सतरा वेळा हौद पुन्हा केला म्हणालात, तेव्हा कुठे हा निळा उतरला. शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवलात."

त्यांनी शालीचं टोक हातात घेतलं. अंगठ्यानं लोकर चोळून पाहिली, वीण ओळखली. अंगठा थांबला. मग ते टोक डाव्या डोळ्याशी नेलं. दिव्याकडे धरलं. उठून, आकाशात जिकडे थोडा उजेड उरला होता तिकडे धरलं. लांब केलं, जवळ आणलं. मी वाट पाहत राहिले. खाली कोणीतरी खिडक्या लावत होतं, एकेक करून.

"नाही गं," ते म्हणाले. "नाही दिसत."

शाल हातातून सुटेना त्यांच्या. मी उठले, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, दिव्याचा उजेड सगळा तोंडावर येईल अशी.

"ऐका," मी म्हणाले. "भित्रे आहात तुम्ही. मीही तुमच्याहून कमी नाही. पण माझ्या चार सुरकुत्या झाकाव्यात म्हणून तुमचा निळा घालवायचा, इतक्या कोत्या मनाची बायको तुम्ही केलेली नाही. सोमवारी जायचं. आणि पट्टी सुटल्यावर मला बघून दचकलात, तर दचकलात."