मयताशी नातं

"मिस लिंडाल, तुमच्या भावाला इस्पितळात नेलंय," टायपिस्टांच्या प्रमुख मिस ग्रिमशॉ टाइपरायटरशेजारी येऊन हळूच म्हणाल्या. "लिफ्टमध्येच कोसळला म्हणे. फोन मीच घेतला."

थोराची बोटं थांबली. तिला भाऊ नव्हता. होता तो नवरा, आणि तो असल्याचं या विमा कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं.

माहीत होऊन चालणारही नव्हतं. एकोणीसशे चौतीस सालचं, मंदीतलं न्यूयॉर्क ते. धडधाकट माणसं फुकट सूपच्या रांगेत उभी राहत होती, आणि एका घरात दोन पगार म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा घास, असं वर्तमानपत्रांपासून पाद्र्यांपर्यंत सगळे बजावत होते. कंपनीचा रिवाजच होता: मुलीचं लग्न ठरलं की शुक्रवारी केक कापायचा, टाळ्या वाजवायच्या, आणि सोमवारी तिच्या खुर्चीवर दुसरी. असे एकोणीस केक थोरानं हसतमुखानं खाल्ले होते.

ती आणि आल्डेन प्रेविट आयोवातल्या एकाच कॉलेजातून एकाच दिवशी पदवी घेऊन या शहरात उतरले होते. तो उंच इमारतींचे नकाशे काढणार होता, ती वर्तमानपत्रात लिहिणार होती. अंगात रग होती आणि खिशात प्राध्यापकांची शिफारसपत्रं. ती वाचायला इथे सवड कुणाला? इमारती बांधायला आलेला आल्डेन एका इमारतीची लिफ्ट चालवू लागला. 'रोज शंभरदा वर जातो, पण पोचत कुठेच नाही,' असं हसत म्हणायचा. दोघांनी नगरभवनात गुपचूप लग्न उरकलं. साक्षीला बाहेरचा फुलवाला. मग ती मुलींच्या वसतिगृहात परत गेली आणि तो आपल्या भाड्याच्या खोलीत. आडनावं वेगळी, म्हणून ऑफिसात सांगितलं, सावत्र भाऊ. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे, आल्डेनला चांगली नोकरी लागली की सांगून टाकू. थोडे दिवस म्हणता म्हणता चार वर्षं गेली.

"चला, मी येते तुमच्याबरोबर," मिस ग्रिमशॉंनी कोट चढवला.

"नको, मी जाईन एकटी."

"एकटीनं जायची वेळ आहे का ही? आणि माझी तरी घरी कोण वाट बघतंय?"

बाई वाईट असती तर परवडलं असतं. वाईट माणसाला टाळता तरी येतं.

वॉर्डाच्या टोकाला आल्डेन उशांना टेकून बसला होता. न्यूमोनिया. थोराला बघताच त्याचा चेहरा उजळला. मग तिच्या मागची करड्या केसांची बाई दिसली, आणि त्यानं तो उजेड तिथल्या तिथे आवरला.

"आलीस होय? एवढ्याशा दुखण्याला कशाला धावत आलीस?"

"या आमच्या मिस ग्रिमशॉ," थोरा म्हणाली.

"तुमच्याबद्दल फार ऐकलंय." त्याला धाप लागत होती. "आमची ही लहानपणापासून हट्टी, बरं का. जॅमची बरणी हिनं फस्त करायची आणि मार मी खायचा."

"बहिणी अशाच," मिस ग्रिमशॉ हसल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

थोरानं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो वीस वर्षांचा होता. कसली बरणी आणि कसला मार! पण तो सांगत राहिला: गोठलेलं तळं, शेजाऱ्याचं कुत्रं, तिचा पडलेला दात. श्वास पुरत नव्हता, तरी तिची नोकरी राहावी म्हणून एकेक वाक्यानं तो तिचं बालपण रचत होता. तिला त्याच्या छातीवर डोकं टेकायचं होतं. बहीण टेकते का? बहिणीनं किती रडलं तर चालतं? तिला भाऊच नव्हता, कळणार कुठून? तिनं त्याच्या पावलांवरचं पांघरूण नीट केलं, आणि मग पुन्हा केलं.

पोरीला एकटं वाटू नये म्हणून मिस ग्रिमशॉ भेटीचा पूर्ण तास तिथून हलल्या नाहीत.

घंटा झाली. नर्स आली. "आता सगळ्यांनी निघायचं. याची तब्येत नाजूक आहे, बायको असेल तर तिला थांबता येईल. बायको आहे का याला?"

थोरानं तोंड उघडलं.

"नाही," आल्डेन म्हणाला. "मी एकटाच आहे." आणि त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की ती गप्प बसली.

पहाटेच्या आधीच तो गेला.

तिसऱ्या दिवशी थोरा कामावर आली. मिस ग्रिमशॉंनी तिला आपल्या टेबलाशी बोलावून रजेचा अर्ज पुढे केला. "सावत्र भावासाठी अर्धा दिवसच मिळतो. तुम्ही नुसतं 'भाऊ' लिहा, मी पूर्ण दिवस लावते. कोण बघायला येतंय?"

'मयताशी नातं' या शब्दांपुढे रेघ होती. थोरानं तिच्यावर 'पती' लिहिलं आणि कागद परत दिला.

मिस ग्रिमशॉंनी तो वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग खण उघडून दुसरा कोरा अर्ज काढला. "दुःखात हात चुकतो. हा घ्या."

"चुकला नाही."

"बाहेर किती मुली या खुर्चीवर टपल्यात, ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग आता सांगून त्याला काय मिळणार?"

"त्याला काही नाही. पण त्या दिवशी नर्सनं विचारलं, तेव्हा मी गप्प बसले. आज या कागदानं विचारलंय."

"आणि मी तासभर तिथे ठिय्या देऊन बसले," मिस ग्रिमशॉ म्हणाल्या. "मला जा म्हणायचंत."

"कसं म्हणणार होते?"

बाईंनी कोरा अर्ज खणात ठेवला आणि लिहिलेल्यावर शिक्का मारला. लग्न लपवणारीला घरी पाठवायचा नियम काही त्यांनी केलेला नव्हता, आणि मोडणंही त्यांच्या हातात नव्हतं. थोरानं टेबलाचा खण रिकामा केला, टोपी घातली आणि दाराकडे निघाली.

"बाहेर पायऱ्यांवर बर्फ आहे," मागून बाईंचा आवाज आला, सगळ्या दालनाला ऐकू जाईल असा. "जपून उतरा, मिसेस प्रेविट."

टाइपरायटर एकेक करत थांबले. थोरानं मागे वळून मान लववली आणि ती जपून पायऱ्या उतरली.