तीन आठवड्यांची टकटक

रमला गावच्या सांस्कृतिक मंडळाच्या कचेरीतला संगणक बिघडतोय हे सगळ्यांत आधी हादियाच्या कानाला कळलं. नऊ वर्षं ती करकेना बेटांवर दारोदार हिंडून म्हाताऱ्या बायकांची गाणी ध्वनिमुद्रित करत होती. लग्नातली, जात्यावरची, होड्या घेऊन गेलेल्या नवऱ्यांच्या वाटेकडे डोळे लावून म्हटलेली. तीनशे बारा गाणी, आणि सगळी त्या एका हार्ड डिस्कवर. ओळीच्या मधला श्वाससुद्धा वेगळा ऐकणारा कान तिचा. एका सकाळी संगणक सुरू केला, तेव्हा आतून आवाज आला. टक, टक, टक. जरा थांबून पुन्हा टक.

ती उठून अध्यक्षांच्या खोलीत गेली. अध्यक्ष म्हणजे सी मुन्सिफ, निवृत्त मुख्याध्यापक. अख्खं बेट त्यांना मानाचं 'सी' लावल्याशिवाय हाक मारत नसे.

"डिस्क टकटक करतेय. मी ती उद्याच्या बोटीने पलीकडे स्फाक्स शहरात नेते, कोणाला तरी दाखवते."

"महोत्सव तोंडावर आलाय," सी मुन्सिफ कागदातून मान वर न काढता म्हणाले. "माझ्या भाषणाची फिल्म त्यावरच जोडायची आहे. यंत्र जागचं हलणार नाही."

"मग निदान दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेऊ."

"अगं, पंख्यात धूळ बसली असेल. तुला तर मासा पाण्यात खोकला तरी ऐकू येतो."

खोलीत बसलेले दोघेजण हसले. हादिया परत जागेवर आली आणि वहीत तारीख आणि त्यांचं उत्तर लिहून ठेवलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगितलं, पुन्हा तारीख लिहिली. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी टकटक थांबून खरखर सुरू झाली, भिंतीवर खिळा ओढल्यासारखी. त्या दिवशी सी मुन्सिफ नुसतं "बघू" म्हणाले. तेही तारखेसकट वहीत गेलं.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी संगणक सुरूच होईना. हादिया तेव्हा घरी आजारी आईपाशी होती. तिसऱ्या दिवशी बाजारात सुकवलेला ऑक्टोपस घेताना दुकानदारीणच म्हणाली, "तुमचा डबा सी मुन्सिफच्या जावयाने उघडला म्हणे. मोबाइलची कव्हरं विकतो ना, तो. कोलोन अत्तराच्या बोळ्याने आतली चकती पुसली, तरी चालू होईना."

हादियाने घेतलेला ऑक्टोपस तसाच फळीवर ठेवला. कचेरीत जाऊन डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली आणि दुपारची बोट धरली. सव्वा तास ते गाठोडं तिने मांडीवरून खाली ठेवलं नाही. शेजारच्या बाईने विचारलं, आत काय आहे, तर म्हणाली, "प्रेत."

स्फाक्सला बाब दिवान या जुन्या वेशीजवळ दुसऱ्या मजल्यावर सिहाम नावाची पस्तिशीची बाई बिघडलेल्या डिस्कांमधून माहिती काढून देते. तिने झाकणाचे स्क्रू पाहिले आणि कपाळाला आठी घातली.

"हे कोणी उघडलं, खाला?"

"एका गाढवाने."

"आधी कसला आवाज यायचा? नीट आठवून सांगा. आवाजावरूनच कळतं."

हादियाने जिभेने टाळूवर टकटक करून दाखवली, मग घशातून खरखर. सिहाम ऐकत राहिली.

"आत चकती फिरते आणि तिच्यावर केसाहूनही कितीतरी कमी अंतरावरून वाचणारी सुई तरंगते. टकटक म्हणजे सुईला आपली जागा सापडत नाही. ती जाते, चुकते, घरी येते, पुन्हा जाते. तेव्हा माहिती सहसा शाबूत असते, सुई बदलली की निघते. खरखर म्हणजे सुई चकतीवर पडली. मग प्रत्येक फेऱ्याला ती वरचा थर खरवडते. तो थर म्हणजेच तुमची गाणी." तिने पाणी ओतून दिलं. "टकटक किती दिवस होती?"

"तीन आठवडे."

"म्हणजे यंत्र तीन आठवडे सांगत होतं."

"मीही सांगत होते," हादिया म्हणाली, आणि ग्लास इतक्या जोरात ठेवला की पाणी टेबलभर झालं.

बारा दिवसांनी सिहामचा फोन आला. एकशे अठ्ठ्याऐंशी गाणी निघाली होती. गेलेल्यांत शर्गी गावच्या मबरूकाचं पाऊण तासाचं गाणं होतं. ते पूर्ण येणारी ती एकटीच उरली होती, आणि गेल्या हिवाळ्यात ती वारली होती.

शुक्रवारी नमाजानंतर मंडळाची सभा भरली. सी मुन्सिफ उभे राहिले. "तांत्रिक बिघाड झाला. यंत्र आहे, नशिबात होतं ते झालं. पुढच्या विषयाकडे वळू या."

"वळू नका," हादिया म्हणाली आणि वहीतल्या तिन्ही तारखा वाचून दाखवल्या, प्रत्येकीखाली त्यांचं उत्तरही, माशाच्या खोकल्यासकट. या वेळी कोणी हसलं नाही. "नशीब तीन आठवडे आधी टकटक करून सांगत नाही, सी मुन्सिफ. तुम्हाला बेटाच्या आवाजापेक्षा स्वतःचा आवाज प्यारा होता."

"सभेत बोलायची ही रीत नव्हे. कचेरीची किल्ली ठेव, आणि वाचलेली गाणीही. ती मंडळाची आहेत."

तिने किल्ली टेबलावर ठेवली. "गाणी ज्यांच्या आयांची आहेत, त्यांना देईन."

ती बाहेर पडली. मागोमाग दोन बायका उठल्या. बाकीचे बसून राहिले, आणि सी मुन्सिफ आजही अध्यक्ष आहेत.

शर्गीला जाणं तिने आठवडाभर टाळलं. शेवटी गेली. मबरूकाची लेक जाझिया अंगणात जाळं दुरुस्त करत होती. हादियाने सगळं सांगितलं. सी मुन्सिफ, जावई, कोलोन. सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला.

जाझियाने सुई थांबवली. "मुन्सिफ मूर्ख आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. कळलं तुला होतं. कचेरीची किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्याकडे."

"मग पहिल्याच दिवशी ती डिस्क पिशवीत टाकून बोटीत का नाही बसलीस? माझी आई खाटेवर उठून बसायची, धाप लागायची, तरी तुझ्यासाठी गायली. मुन्सिफसाठी नाही. आणि तू तारखा लिहीत बसलीस."

हादियाने तोंड उघडलं. आई आजारी होती, महोत्सव होता, ते अध्यक्ष होते. तीन आठवडे मनात घोळवलेली कारणं जिभेवर आली आणि एकही बोलण्यालायक वाटलं नाही. इतके दिवस पोटात पेटलेला राग पहिल्यांदाच तिच्या स्वतःकडे वळला होता, आणि तो जास्त भाजत होता.

"परवानगीची वाट बघत होते," ती म्हणाली.

"बघ आता." जाझिया पुन्हा जाळ्यावर वाकली. चहा विचारला नाही. बस म्हणाली नाही.

हादिया फाटकापर्यंत पोचली, तेव्हा मागून आवाज आला.

"मला सुरुवातीची सहा कडवी येतात. पुढची येत नाहीत. मंगळवारी ये, दुपारी. तुला माफ केलं असं समजू नकोस."

मंगळवारी हादिया गेली. जाझिया सहा कडवी गायली, मध्ये दोनदा चुकली, शिव्या देऊन पुन्हा पहिल्यापासून गायली. सातव्याला थांबली आणि म्हणाली, "संपलं. जा."

हादिया तिथूनच बंदरावर गेली. सहा कडव्यांच्या ध्वनिमुद्रणाची एक प्रत स्वतःकडे ठेवली, दुसरी त्याच संध्याकाळी सिहामकडे पोचवली. कोणाला विचारलं नाही.