हा आमचा नव्हे!

मी कॉलेजच्या वर्गातला लाकडी चौथरा बोलतोय. माझ्या आठवणींवर फार विसंबू नका. पुरात भिजलेलं लाकूड मी. काय स्वतः पाहिलं आणि काय नंतर ऐकलं, याची मलाच खात्री नसते.

मुठेकाठच्या आमच्या कॉलेजात यज्ञेश्वरसर माझ्यावर उभे राहून अर्थशास्त्र शिकवत. मुली बाहेर थांबायच्या, सरांच्या मागोमाग आत यायच्या आणि त्यांच्या मागोमागच जायच्या. शंका विचारायची पद्धत नव्हती. मंदाकिनीच्या ओठांवर रोज प्रश्न यायचा आणि तास संपला की तिच्याबरोबर निघून जायचा.

मग पानशेतचं धरण फुटलं. मी तरंगत निघालो आणि शनिवार पेठेतल्या एका मंगल कार्यालयाच्या दाराशी अडकलो. तिथल्या गेनबाने मला धुऊन, वाळवून हॉलच्या कोपऱ्यात ठेवलं. कॉलेजात चिखल साचलेला, म्हणून पुढे वर्गही याच हॉलमध्ये भरू लागले. सरांना पाहून मला केवढा आनंद झाला!

"सर, ह्यो चौथरा तुमच्या कालेजचा हाय का?" गेनबाने विचारलं.

सरांनी वाकून मला न्याहाळलं. "छे! हा आमचा नव्हे."

मी खचलो. पुराने मी इतका बदललो होतो का?

सर जाजमावरच बसले. मुली आधीच येऊन जागा मिळेल तिथे बसल्या होत्या.

"सर, मागणीचा नियम मला गेल्या वर्षापासून समजलेला नाही," मंदाकिनी म्हणाली.

"अहो, मग गेल्या वर्षी का नाही विचारलंत?"

"तुम्ही फार उंचावर होतात, सर."

सर हसले. "आता खाली आलोय. विचारा."

त्यानंतर प्रश्नांचाच पूर आला. मुलींना धास्ती एकच: कॉलेज दुरुस्त झालं की जुनी पद्धत परत येणार. पुढे वर्ग कॉलेजात परत गेले, मी मात्र इथेच राहिलो. आता माझ्यावर सनईवाले बसतात. मजेत आहे; फक्त ते "आमचा नव्हे" सलत राहिलं.

कित्येक वर्षांनी मंदाकिनीच्या भाचीचं लग्न इथे झालं. मंदाकिनी आता स्वतः प्राध्यापक झालेली. थकलेले सर माझ्या कडेला टेकले.

"सर, आपल्या वर्गात पुन्हा चौथरा आलाच नाही. मुलीही पुन्हा कधी बाहेर थांबल्या नाहीत," मंदाकिनी म्हणाली.

"येणार कसा? जुना वाहून गेला, नवा नको, असं मीच कॉलेजला कळवलं होतं."

सरांचा हात माझ्या कोपऱ्यावरच्या लोखंडी पट्टीवर थांबला. "ही पट्टी मीच ठोकलेली," ते हळूच म्हणाले. "त्या दिवशीही लगेच ओळखली होती."