सोप्यातला समोरासमोरचा बाक

मित्रांनो, मी एक बाक आहे. वय तीनच वर्षं, पण ज्यांच्यासाठी घडलो ते न बसताच जुना झालोय. नुसता बाक म्हणू नका, अपमान होतो माझा. मला दोन बैठका आहेत आणि त्या एकमेकींकडं तोंड करून आहेत. अख्ख्या गडमुडशिंगीत असा दुसरा दाखवा!

माझा जन्म आक्कांच्या वैतागातून झाला. सुनेच्या, क्रांतीच्या, माहेरचे पाहुणे आले असताना त्यांच्यादेखत मुलगा राजवीर तिला म्हणाला, "तुला काय कळतंय? गप आत जा." तेव्हापासून नवरा-बायकोचं बोलणं आक्कांच्या मार्फत चाललेलं. "आत्या, त्यांना सांगा, डबा भरलाय." "आई, तिला सांग, उशीर होईल." शेवटी आक्का कावल्या. केरबा सुताराला बोलावून म्हणाल्या, "असं कायतरी कर, की ह्या दोघांची तोंडं एकमेकांकडंच ऱ्हायला पायजेत."

केरबानं माप घ्यायला स्वतःच्या बायकोला समोर पाटावर बसवलं. कुजबुज ऐकू यावी, पण गुडघ्याला गुडघा लागू नये, एवढंच अंतर त्याला हवं होतं. बायको म्हणाली, "लग्न झाल्यापासनं आज मला म्होरं बसवलंसा, ते बी फूटपट्टी घिऊन!"

मी तयार झालो तेव्हा आक्कांनी माझी दृष्ट काढली. आणि तिथंच घोळ झाला. एवढी देखणी वस्तू आतल्या खोलीत कोंडायची कशाला, म्हणून मला सोप्यात, घराच्या दर्शनी पडवीत, मांडलं. सोप्यात दिवसभर सासरे गणपतराव बसायचे. सासऱ्यांसमोर सून बरोबरीनं बसत नाही, ही त्या घराची रीत. मग क्रांती बसणार कधी? येणारे-जाणारे बसले, वाहवा करून गेले. पुढं एका बैठकीवर राजवीरचं हेल्मेट आलं, दुसरीवर वाळलेली धुणी. माणसांची भेट घडवायला जन्मलो आणि हेल्मेटची धुण्याशी भेट घडवत राहिलो.

परवा सकाळी क्रांतीनं माहेरी हुपरीला जायची पिशवी माझ्यावर आणून ठेवली. राजवीर म्हणाला, "आई, विचार तिला, परत कधी येणार."

"माझं तोंड आज बंद हाय," आक्का म्हणाल्या आणि गणपतरावांकडं वळल्या. "आवं, उठा. मळ्यात चला."

"आत्ताच आलोय की तिथनं!"

"मग परत चला!"

सोपा रिकामा झाला. क्रांती बसली. समोर राजवीर बसला. मी करकरायचंसुद्धा टाळलं.

"बस किती वाजता हाय?" त्यानं विचारलं.

"एवढंच विचारायला तोंड उघडलं व्हय?"

त्यानं मांडीवर घेतलेलं हेल्मेट खाली ठेवलं. मग म्हणाला, "त्या दिवशी चुकलं माझं."

"माझ्या माणसांच्या म्होरं बोललासा," क्रांती उठत म्हणाली, "आणि चूक कबूल करायला रिकामा सोपा व्हय?" पिशवी उचलून ती गेली.

आज मला टेम्पोत दोरीनं आवळलंय. राजवीर मला सासरवाडीच्या सोप्यात नेतोय. निघताना आक्कांनी त्याला बजावलं, "बाक काय बोलणार न्हाय. तिथं सगळ्यांच्या म्होरं तूच बोल."

मित्रांनो, आम्हाला ऊन-पाण्यापासून जपा, आमच्यावर धुणी टाकू नका. पण जपायचंच असेल तर आधी जीभ जपा. माझी फळी चिरली तर केरबा कुठंही बसून बदलेल. चारचौघांत चिरलेलं मन चारचौघांतच सांधावं लागतं, आणि ते सांधेलच, हे मीसुद्धा सांगू शकत नाही.

हुपरी जवळ आली. राजवीर माझ्या एका बैठकीवर दोरी धरून बसलाय. दुसरी रिकामी आहे. तिच्यावर त्यानं हेल्मेट ठेवलेलं नाही.