हेच मशीन

सकाळी बायकोच्या खोलीतला केर काढायला गेलो, तर तिचं शिलाई मशीन जागेवर नव्हतं. ती जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे. माझा एक शर्ट तिने सुईखाली अर्धवट ठेवला होता. मीही तो हलवला नव्हता. शर्टासकट मशीन गेलं.

पोलिसांना कळवलं. साहेब आले तेच घड्याळ बघत. दुपारी मोठे साहेब ठाण्याच्या तपासणीला येणार होते आणि त्याआधी यांना एखादी तरी चोरी उलगडून दाखवायची होती.

"घरी शेवटचं कोण आलं होतं?"

"मेव्हणा. परवा जेवायला."

"झालं तर मग."

आतून हवालदार म्हणाला, "साहेब, खिडकीची कडी तुटलीय. बाहेर चिखलात पावलंही आहेत."

"पावलं कुठे पळून जात नाहीत. आधी मेव्हण्याला आण."

मेव्हण्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये. साहेबांनी तो हात पाहिला, मग घड्याळ पाहिलं. "डाव्याने उचललं असणार."

"अहो, ताई मला त्या मशीनच्या आसपास फिरकू देत नव्हती," मेव्हणा म्हणाला. "एकदा त्यावर चहाचा कप ठेवला, तर महिनाभर बोलली नाही माझ्याशी."

"म्हणजे राग होता. लिहून घे रे, कारण मिळालं."

ठाण्यात पोचल्यावर साहेबांच्या लक्षात आलं, की चोर मिळाला पण माल नाही. त्यांनी कोठीतून एक बेवारस मशीन आणवलं. हवालदार त्यावरची धूळ पुसू लागला.

"ओळखा. तुमचंच आहे."

"आमचं काळं होतं, साहेब. हे हिरवं आहे."

"जुन्या वस्तूचा रंग बदलतो. हे बघा, ओळखलंत तर माल मिळाला, तक्रार मिटली, मेव्हणा घरी. नाही ओळखलंत तर तो आत आणि उद्यापासून रीतसर शोध. लवकर बोला."

बाकावरून मेव्हणा म्हणाला, "दाजी, माझा विचार करू नका. फक्त इथे ढेकूण आहेत आणि प्लास्टरच्या आत खाजवता येत नाही."

बाहेर गाडी थांबली. साहेबांनी टोपी चढवली. मी हिरव्या मशीनकडे बघितलं, मेव्हण्याकडे बघितलं.

"हेच," मी म्हणालो.

मोठ्या साहेबांनी आमच्या साहेबांची पाठ थोपटली. मला विचारलं, "समाधान झालं ना?" मी हिरव्या मशीनवरची उरलेली धूळ पुसू लागलो. मेव्हणाच म्हणाला, "आनंदाने वाचा बसलीय त्यांची."

मशीन तीन हातांनी घरी आणलं. वाटेत मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुम्ही इतक्या ठामपणे 'हेच' म्हणालात, की क्षणभर मलाच वाटलं, मी चोरलं होतं."

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.

पोलिसांच्या लेखी तिचं मशीन मिळालेलं आहे. त्यामुळे ते शोधायला अजून कोणी सुरुवात केलेली नाही.