बोरखळी रिठीतले पन्नास

ग्रामसेवक बंडूजींनी नकाशा बाजेवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार वांगी ठेवली. कागद लांबलचक, दोन्ही कडांना भोकं पाडलेला. जिल्ह्याच्या ऑफिसात औंदा कॉम्प्युटर बसला होता. कोणत्या गावाला हातपंप द्यायचा, ते आता तो नकाशावर खूण करून सांगायचा.

"आपण कुठी हाओ याच्यात?" कोकिळेनं विचारलं.

बंडूजींनी नाल्याच्या वळणाशी बोट ठेवलं. तिथे कागद कोरा होता. बारीक अक्षरांत एवढंच छापलं होतं : मौजा बोरखळी (रिठी), लोकसंख्या शून्य.

रिठी म्हणजे उठून गेलेलं गाव. जमीन कागदावर राहते, माणसं राहत नाहीत. सन एकोणीसशे अठराच्या मानमोडीच्या साथीत बोरखळीतली पन्नास माणसं एका हंगामात गेली आणि उरलेली पळाली. पुढे माळ्यांची अकरा घरं त्या जागी येऊन वसली, वांगी-मेथी काढून समुद्रपूरच्या बाजारात नेऊ लागली. त्यांची नावं मात्र तीन मैलांवरच्या मूळ गावातच राहिली. मत तिथे, रेशन तिथे. त्या गावात दोन हातपंप होते, म्हणून कॉम्प्युटरच्या लेखी ही माणसं तिथलंच पाणी पीत होती. पीत होती ती नाल्यातला झिरा, वाळूत खड्डा करून झिरपलेलं पाणी. गेल्या मार्चात झिरा हिरवा पडला आणि कोकिळेची नलू, पाच वर्षांची, हगवण लागून दोन दिवसांत गेली. चौकशीला कोणी आलं नाही. शून्यातून एक वजा होत नाही.

बंडूजींनी तीनदा अर्ज केला होता. तीनदा उत्तर आलं की रिठी मौज्यात वस्ती दाखवता येत नाही. शेवटी जिल्ह्याच्या ऑफिसातल्या बाबूनंच, चहा पाजल्यावर, वाट सांगितली. रिठीतल्या जुन्या रहिवाशांची नावं मिळाली तर गाव पुन्हा उघडता येतं. पन्नास माणसं भरली की पंप. जुनी नावं एकाच जागी होती : जन्ममृत्यू लिहायच्या कोतवाल बुकात. बंडूजींनी मृत्यूच्या पानावरची पन्नास नावं वयांसकट उतरवली, तेवढा मृत्यूचा रकाना सोडला आणि यादी धाडली. कॉम्प्युटरनं ती घेतली. मेले कधी, हे त्यानं विचारलं नाही. आता बुधवारी साहेब माणसं मोजायला येणार होता.

बंडूजी घरोघर नावं वाटत फिरले. म्हाताऱ्याला म्हाताऱ्याचं, लेकुरवाळीला लेकुरवाळीचं. कोकिळेची सासू शकुबाई ऐकेना.

"मेल्याच्या नावानं हाव म्हटलं तं तो मांगं वळून पाह्यते, बंडूजी."

"पाहू द्या ना," कोकिळा म्हणाली. "जित्यापैकी तं कोणी पाहून नाई राह्यलं आपल्याकडं."

वस्तीत जिवंत माणसं एकोणपन्नास. सगळ्यांना नाव मिळालं आणि एक उरलं. चिंधी, वय पाच. त्या वयाचं पोर अकरा घरांत नव्हतं. मूळ गावातून एखादी पोट्टी एक दिवसासाठी मागून आणावी असं निघालं, पण मेलेलीच्या नावाला आपली पोट्टी कोणती माय देईल? हे बोलणं कोकिळेसमोरच झालं. ती मेथीच्या जुड्या बांधत राहिली.

बुधवारी दहाला जीप आली. साहेब पुण्याकडचा, तरुण, नीट बोलणारा. सगळे चिंचेखाली बसले. साहेब नाव वाचायचा, तोंड बघायचा, खूण करायचा. पहिल्या पाच-सात नावांना माणसं अडखळली. रूपरावला तर बायकोनं ढोसलं तेव्हा तो दगडू झाला. मग आवाज मोकळे झाले. हाव. हाव साहेब. तिसाव्या नावापुढे बंडूजींनी मान वर करून पाहिलं. साहेब नाव उच्चारायच्या आधीच 'हाव' येत होतं. शकुबाईचंसुद्धा.

"चिंधी. वय पाच."

साहेबानं पुन्हा वाचलं. खालची नावं संपवून त्यानं खुणा मोजल्या आणि पेनाला टोपण लावलं.

"एकोणपन्नास होतात. मला पन्नास लागतात."

"हाये साहेब," कोकिळा उठून उभी राहिली. "घरात निजली हाये. बरं नाई तिले."

बंडूजींनी मान खाली घातली. साहेब म्हणाला की नियमाप्रमाणे त्याला स्वतः बघावं लागेल, आणि कोकिळेनं दाखवलेल्या घराच्या ठेंगण्या दारातून तो वाकून आत गेला. आत एक बाज होती, घडी घातलेली गोधडी, पालथी टोपली. वस्तीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. कोकिळा पदराच्या काठाचा एक धागा ओढत होती. तो तुटला, तिनं दुसरा धरला. बंडूजी खोट्या यादीची शिक्षा किती, याचा विचार करू लागले.

साहेबाला बराच वेळ लागला. मान पुसत तो बाहेर आला, उंबऱ्यातच यादी गुडघ्यावर धरून त्यानं खूण केली.

"पन्नास. महिनाभरात मशीन येईल."

मग कोकिळेजवळून जाताना तो थांबला, जरा रागानंच बोलला.

"ताप नाहीये तिला. पाणी मागतेय. केव्हाची मागतेय म्हणते. द्या की."

जीप गेली. धूळ बसली तरी चिंचेखालून कोणी उठलं नाही. शकुबाईनं पदर तोंडात धरला होता. सगळे त्या दाराकडे बघत होते आणि कोणी कोणाला नावानं हाक मारत नव्हतं.

कोकिळेनं माठातून गडवा भरला. उन्हात धरून पाहिलं. पाण्यात हिरवट तंतू फिरत होते. तिनं गडवा जमिनीवर उपडा केला आणि रिकामाच घेऊन उंबऱ्यावर जाऊन बसली, तोंड आत करून.

"थोडी थांब माय," ती हळूच म्हणाली. "हे नोको पिऊ. पंप येऊन राह्यला."